आजन्म हमीचा पोळपाट

आकारामनं किटलीतलं उकळतं पाणी पोळपाटाच्या जोडावर बारीक धार धरून ओतलं, पटाशीचं टोक फटीत घातलं आणि मनगट जरासं पिळलं. पोळपाटाच्या दोन फळ्या सुट्या झाल्या. दोन्हींच्या कडेला काकवीच्या रंगाचा चिकट थर होता, पाण्यानं फुगलेला. त्यातून असा काही वास वर आला की त्रिशला दोन पावलं मागं सरकली आणि तिनं ओढणी नाकाला लावली.

"आवं, जोड फसल्याला न्हाई वैनी," आकाराम म्हणाला. साठी ओलांडलेला हा पाटणकडचा सुतार. आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नसे. "कुणीतरी रोज कडकडीत पाणी मारलंय ह्येला. न्हाईतर ह्यो जोड माझ्या नातवाच्या लग्नापत्तुर हालला नसता."

"जोडाचं राहू द्या. वास कसला येतोय हा?"

"सरसाचा. दुसरा कसला येणार?"

"सरस म्हणजे डिंकच ना?"

"डिंकच की."

"कुठल्या झाडाचा?"

आकाराम हसला. शिकल्यासवरल्या बायकांना काय काय ठाऊक नसतं, असं ते हसणं होतं.

"झाडाचा कसा आसंल वैनी? कातड्याचा. म्हशी-बैलांची कातडी, हाडकं उकळून उकळून त्येचा..."

त्रिशलेच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं तसं त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. ती भिंतीला टेकली होती आणि स्वतःच्या हाताकडं बघत होती. सकाळपासून तिनं तो पोळपाट दोनदा उचलून पाहिला होता.

माधवनगरातल्या ज्या शेडमध्ये ती दोघं उभी होती, तिथं पूर्वी तिच्या सासऱ्यांचे माग चालायचे. माग गेले, शेड राहिली. चार वर्षांपूर्वी त्रिशलेनं तिथं लाकडी पोळपाट आणि भाजी चिरायचे फळे करायला घेतले. शिवण आणि फणसाचं लाकूड आकारामच्या ओळखीनं पाटणकडून यायचं. हात आकारामचा आणि जीभ त्रिशलेची. आता सांगली-मिरजेत पोळपाट विकणारे काय कमी आहेत? पण प्रत्येक पोळपाटाबरोबर छापील कार्ड देणारी ती एकटीच. 'आजन्म हमी. लाकूड तडकलं, जोड सुटला, पाय निघाला, तर कधीही आणा. एक शब्द न विचारता दुरुस्त करू किंवा नवा देऊ.' आणि त्याखाली, वेगळ्या रंगात, तिच्याच डोक्यातून निघालेली ओळ: 'शुद्ध. चौक्यात चालणारा.'

दिगंबर मुनिमहाराजांसाठी घरात सोवळ्यानं जो स्वयंपाक मांडतात, तो चौका. महाराज दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. त्या एका जेवणासाठी बाया पाण्यापासून पिठापर्यंत सगळं पारखून घेतात. त्या एका ओळीवर भुलून सांगलीतली आणि आसपासची जैन घरं त्रिशलेकडं आली होती. ओळ खोटी आहे असं तिला कधी वाटलंही नव्हतं. लाखेचं पॉलिश लावायचं नाही, लाखेत किडे मरतात, हे तिनं आकारामला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नुसतं खोबरेल चोळायचं. डिंकाचा डबा तर ती स्वतः घेऊन आली होती.

"मी डबा आणून दिला होता ना? पांढऱ्या डिंकाचा?"

"दिलता की."

"मग?"

आकारामनं पटाशी खाली ठेवली. हात धोतराला पुसले.

"तुमी मला कार्ड वाचून दावलं, आठवतंय? जन्माची हमी. मी म्हणलं, जबान वैनी देत्यात, पर ती टिकायची माझ्या हातावर. त्या डब्यातल्या डिंकाची उमर मला काय ठावं? कालचं प्वार त्ये. सरसाची उमर मला ठावं हाय. माझ्या आज्यानं सरसानं जोडलेला पाळणा हाय आमच्यात. त्यात माझा बा निजला, मी निजलो, माझी पोरं निजली. म्हणून पदरचं घालून सरस आणला आन् लावला. आता पोळपाट काय, फडक्यानं पुसत्यात. उकळत्या पाण्यानं कोण धुतंय, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

कोण धुतंय, हे त्रिशलेला चांगलं ठाऊक होतं. चौक्यातलं पाणी गाळून उकळलेलं असतं आणि भांड्याला, पाटाला, पोळपाटाला तेच लागतं. म्हणजे ज्या घरात सोवळं कडक, त्याच घरातला जोड आधी सुटणार होता.

"किती पोळपाटांना लावला?"

"पहिल्या साली केलं त्येवढ्यांना. एकतीस. पुढं दुकानदारानं सरस ठिवायचा बंद केला, मग तुमचा डबा उघडला." त्यानं सुटी फळी हातात घेऊन उलटी केली. "चूक झाली व्हय, वैनी?"

"झाली."

"लाख नको म्हणलासा, लाख न्हाई लावली. डिंकाचं तुमी कायच बोलला न्हाईसा."

तेही खरंच होतं. तिनं सुट्या झालेल्या फळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, त्यावर दोरी आवळली आणि पुडकं शेडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मग तिथल्या नळावर साबणानं हात धुतले. परत आली आणि पुन्हा एकदा धुतले.

हा पोळपाट सुंदरीकाकूंचा होता. सुंदरीकाकू मगदूम, समडोळीच्या, वय चौऱ्याहत्तर. महाराज कुठूनही विहार करत आले तरी समडोळीत पहिला चौका काकूंचा, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. त्रिशलेचा पहिला पोळपाट काकूंनीच घेतला आणि मग दहा जणींना सांगितलं. आज सकाळी त्यांची सून प्राची तो घेऊन आली होती. जोडाला फट पडलीय, कार्ड आहे, म्हणाली. कार्डाचं बोलून झालं तरी ती निघेना, पायरीवर बसूनच राहिली.

"वहिनी, खरं सांगू? पोळपाटाचं निमित्त. मला घरातून जरा बाहेर पडायचं होतं. आईंनी सहा दिवस अन्न घेतलं नाहीय."

सहा दिवसांपूर्वी काकूंच्या चौक्यात महाराज आले होते. 'मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे,' असं काकू नेहमीप्रमाणं हात जोडून म्हणाल्या. दोन घास झाले. तिसरा घास देताना काकूंचा हात मधेच थबकला, पोळीचा तुकडा ओंजळीच्या कडेवर पडला आणि तिथून खाली. अंतराय, म्हणजे आहारात विघ्न, झाला. महाराजांनी ओंजळ सोडली आणि ते तसेच उपाशी निघून गेले; आता जेवण दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ते गाव सोडून पुढं गेलेही. काकू मात्र त्या दुपारपासून दिवसातून एकदा पाणी घेत होत्या, बस्स.

"गाव म्हणतंय काकूंनी अठाई धरली. आठ दिवसांचा उपवास. बायका नारळ घेऊन पाया पडायला येतात," प्राची म्हणाली होती. "पण आई स्वतः अठाई म्हणतच नाहीत. विचारलं तर भिंतीकडं तोंड. ह्यांनी काल डॉक्टर आणले तर खोलीला आतून कडी लावून घेतली. आठवा दिवस होऊन गेला आणि तरी नाही जेवल्या, तर काय करायचं हो?"

त्यावर त्रिशला काहीबाही धीराचं बोलली होती. तेव्हा तिला सरस ठाऊक नव्हता. आता शेडमध्ये उभ्या उभ्या तिला आणखी एक गोष्ट आठवली. दोन महिन्यांपूर्वी काकूंचा फोन आला होता. 'पोळपाटाला कसला गं वास येतोय?' म्हणून विचारत होत्या. त्रिशला पार्सलं बांधण्याच्या गडबडीत होती. 'लाकडाचा असेल काकू,' ती म्हणाली होती, 'आणि वय झालं की नाकसुद्धा जरा मागंपुढं होतंच की.' असं म्हणून वर हसलीही होती. काकूंनी मग तो विषय कधी काढला नाही.

दुपारी तिचा नवरा जिनदत्त जेवायला घरी आला. त्याचं पेठेत कापडाचं दुकान. त्रिशलेनं त्याला पोटभर जेवू दिलं नाही. आमटीचा दुसरा घास घेत होता तेव्हाच सगळं सांगून टाकलं. जिनदत्तनं हात ताटातच ठेवला.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"आकाराम?"

"त्याला कुणी विचारणार नाही."

"मग झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची." तो पाणी प्यायला. पेला खाली ठेवून त्यानं दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं, म्हणजे भीती त्यालाही होतीच. "हमी आहे ना तुझी? एकतीसच्या एकतीस बदलून दे. पॉलिश सुटतंय म्हण, काहीही म्हण. एक शब्द विचारणार नाही असं लिहून दिलंयस, तसाच एक शब्द सांगूही नकोस."

"आणि काकू?"

"काकूंनाही नवा दे. म्हाताऱ्या माणसाला हे सांगून काय मिळवणार आहेस तू? महाराजांच्या पोटात काय गेलं हे ऐकून ती बाई जागच्या जागी जाईल. पाप टाळायला जाशील आणि मोठं पाप करून बसशील."

"त्या उपाशी आहेत हो. अंतराय स्वतःच्या दोषानं झाला असं धरून बसल्यात."

"आठवा दिवस झाला की सोडतील. अठाई आहे ती. आणि हे बघ, पूर्वी सगळीकडं सरसच असायचा. बस्तीतल्या जुन्या पाटांना काय लावलंय, कुणी बघायला गेलंय? बोट मात्र आपल्याकडं दाखवतील. माझ्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही, आणि तू बस्तीत बायकांच्यात बसून दाखव मग."

हे शेवटचं वाक्य तिला बरोबर लागलं. बस्तीत, म्हणजे मंदिरात, सकाळी बायका पूजेला ओळीनं बसतात. आपण जाऊन बसलोय आणि शेजारची हळूच साडी आवरून पलीकडं सरकतेय, हे तिला स्वच्छ दिसलं. ती भ्याली. नवऱ्याला भ्याली नाही, पापालाही त्या घडीला भ्याली नाही. त्या सरकणाऱ्या साडीला भ्याली. तिनं फोन घेतला.

पहिला फोन विश्रामबागला. "पहिल्या वर्षीच्या पोळपाटांचं काम मनासारखं झालेलं नाही, बदलून देतेय," ती म्हणाली. पलीकडच्या बाई विरघळल्याच. "अगं, आमची काही तक्रारच नाही, तरी तू बदलून देतेस? हल्ली कोण करतं एवढं!" दुसरा फोन मिरजेला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुझ्या आईवडिलांचे संस्कार गं बाई. मी आमच्या ग्रुपवर टाकते." त्रिशला नको नको म्हणाली, पण टाकलंच त्यांनी, आणि पाच मिनिटांत तिला हात जोडलेली आणि फुलांची चित्रं यायला लागली. चोरी करावी आणि घरमालकानं ओवाळायला उभं राहावं, तसं झालं.

तिसरा फोन आष्ट्याला.

"पोळपाट होय? ये की घेऊन सवडीनं," आष्ट्याच्या बाई म्हणाल्या. "पण परवाच्या पुढं ये हं. परवा आमच्याकडं महाराज यायचेत. पोळ्या त्यावरच करायच्यात, हाताला बसलाय आता."

"नको!" त्रिशला ओरडलीच. मग आवाज खाली आणत म्हणाली, "म्हणजे, मी आजच पाठवते की नवा."

"अगं, एवढी घाई कसली? काय झालंय तरी काय?"

"काही नाही काकी. काही नाही. पॉलिश."

फोन ठेवला तेव्हा तिच्या पाठीला कुडता चिकटला होता. परवा. आणि समडोळीत आज सहावा दिवस. काकू सोडून सत्तावीस फोन अजून करायचे होते, आणि एवढा वेळ ती जे बोलत होती त्यात खरं एकच, की पोळपाट बदलायचा आहे. तिनं कपाटातून नवा पोळपाट काढला, शिवणीचा, अखंड फळीचा, एकही जोड नसलेला. तो पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. जिनदत्त दारात आला.

"काय सांगणार आहेस?"

"पोळपाट द्यायला चाललेय," ती म्हणाली. खरोखर तिला तेवढंच ठाऊक होतं.

सांगलीतून पूल ओलांडून ती समडोळीच्या रस्त्याला लागली. उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक येत होत्या. एरवी ती त्यांना सहज ओलांडून जायची; आज एकीच्या मागं मुकाट चालवत राहिली, कारण हळू गेलं तर बरंच होतं. सांगायचं की नाही, हे ती दर फर्लांगाला ठरवत होती आणि दर फर्लांगाला मोडत होती. सांगितलं आणि काकूंना काही झालं तर? नाही सांगितलं आणि काकूंना काही झालं तर? गावात शिरताना तिला अगदी मनापासून वाटलं, की आत्ता स्कूटर बंद पडावी. पडली नाही.

मगदुमांच्या सोप्यात चार-पाच चपला होत्या. आत माजघरात काकू चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मूळच्याच बारीक, त्या आता एवढ्याशा झाल्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. दोन बायका नारळ ठेवून पाया पडून नुकत्याच उठत होत्या. काकूंनी त्यांना आशीर्वाद दिला नाही, नुसत्या बघत राहिल्या. त्या बायका बाहेर सोप्यात प्राचीशी बोलत थांबल्या. काकूंचा मुलगा जयराज खांबाला धरून उभा होता, दाढी वाढलेला.

"ये गं," काकू म्हणाल्या. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

त्रिशलेनं पोळपाट पिशवीतून काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"नवा आणलाय काकू. हमीचा."

"शब्दाची पक्की आहेस." काकूंनी त्यावरून हात फिरवला. बोटं हलकी, थरथरती. "पण मला कशाला आता? प्राचीला दे. मी चौका सोडला."

"अंतरायामुळं?"

"तो झाला म्हणून कळलं. नाहीतर मी करतच राहिले असते."

"त्यात तुमचा काही दोष नसेल काकू."

"दोष माझ्यातच आहे, बाळ. तुझा पोळपाट चांगला आहे, पीठ चांगलं आहे, पाणी चांगलं आहे. वाईट झालीय ती मी." एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. "बस झालं. हळदीकुंकू लावून घे आणि जा. दिवस मावळायच्या आत घरी पोच."

प्राचीनं करंडा आणला. तिनं हळद लावली, कुंकू लावलं. त्रिशलेनंही तिला लावलं. आता उठायचं आणि जायचं, कुणी काही म्हणणार नव्हतं. पोळपाट चांगला असल्याचं काकूंनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. यापेक्षा मोठी सुटका कुठली? त्रिशला उठली, सोप्यापर्यंत आली, एका पायात चप्पल घातली. दुसरी सापडेना. समोरच होती, पण तिला दिसत नव्हती, कारण डोळे भरून आले होते. सहा दिवस उपाशी बाई आपल्या पापावर स्वतःचं नाव लिहून बसली आहे आणि आपण कपाळाला तिचं कुंकू लावून निघालोय! ती तशीच, एका पायात चप्पल घालून, परत माजघरात गेली आणि काकूंच्या पुढ्यात बसली.

"काकू, पोळपाट चांगला नव्हता."

काकूंनी डोळे उघडले.

"त्याच्या जोडाला सरस लावला होता. सुतारानं लावला, मला ठाऊक नव्हतं, आज कळलं. पण विकला मी. शुद्ध म्हणून लिहून दिलं मी." तिनं मधला नवा पोळपाट बाजूला सारला. "सरस कातड्याचा असतो काकू. जनावराच्या."

खांबाजवळ जयराज हलला, मग पुन्हा थांबला. काकूंनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते; णमोकार म्हणत असाव्यात. त्रिशला मान खाली घालून बसली. आता त्या कोसळतील, नाहीतर शाप देतील, तिनं दोन्हींची तयारी केली होती.

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "वास येत होता?"

त्रिशलेला आधी कळलंच नाही.

"पोळपाटाला. वास येत होता?"

"हो काकू."

"खरंच येत होता? तुला आला?"

"आला. मला ओढणी नाकाला लावावी लागली."

काकूंच्या सुकलेल्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्रिशलेचं मनगट पकडलं. सहा दिवसांच्या उपाशी हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"माझ्या सासूबाईंना असंच झालं होतं. आधी कसले कसले वास यायला लागले, दुसऱ्या कुणाला येईनात. मग माणसं ओळखेनात. शेवटची दोन वर्षं मागच्या खोलीत होत्या, बाहेरून कडी. ती कडी मी लावायची गं, रोज." त्यांनी श्वास घेतला. "मलाही वास यायला लागला. पोरांना विचारलं, नाही म्हणाली. तुला फोन केला, तू वय झालं म्हणालीस. मागं डॉक्टरला दाखवलं, तो भास म्हणाला. त्या दिवशी महाराजांच्या ओंजळीपाशी तोच वास आला आणि हात थबकला. म्हटलं, सुंदरी, तुझी पाळी आली. डोकं शाबूत आहे तोवर अन्न सोडावं आणि व्रतातच जावं. कडीच्या आत नको."

जयराज खांब सोडून खाली बसला. "आई," एवढंच म्हणाला.

"अठाई नव्हती ती," काकू म्हणाल्या. "मी संपवत होते."

त्रिशला हुंदके देऊन रडायला लागली. काकूंनी तिला रडू दिलं, पण मनगट काही सोडलं नाही.

"महाराजांना कळवावं लागेल. इतकी वर्षं माझ्या हातानं दिलंय. प्रायश्चित्त सांगतील ते मी घेईन. तुलाही घ्यावं लागेल."

"घेईन काकू."

"किती आहेत असे?"

"एकतीस. तुमचा धरून."

"सगळ्यांना सांगितलंस?"

त्रिशलेनं मान हलवली. "पॉलिशचं कारण सांगितलं. तिघींना."

काकूंनी आवाज चढवून हाक मारली, "प्राची! इकडं ये. त्या दोघींनाही आत बोलव." आणि त्रिशलेला म्हणाल्या, "आता सांग. मला सांगितलंस तसं, मोठ्यानं. ह्या घरात मला सगळे वेडी समजायला लागलेत."

प्राची आत आली. तिच्यामागून मघाच्या दोघी, उंबऱ्यातच थबकलेल्या. त्रिशलेनं त्यांच्याकडं पाहिलं. दिवस मावळायच्या आत हे समडोळीभर होणार होतं, आणि उद्या सकाळी सांगलीच्या बस्तीत.

"सोप्याचं दार लोटून घेऊ का?" प्राचीनं हळूच विचारलं.

"उघडं राहू दे," काकू म्हणाल्या.

त्रिशला उठून उभी राहिली. तिनं सरसाचं सांगितलं, एकतीसचं सांगितलं, दोन महिन्यांपूर्वीचा फोन आणि त्यावरचं आपलं हसणंही सांगितलं. मग उंबऱ्यातल्या एकीनं पदर सावरला.

"आमच्याकडंही तुझाच पोळपाट आहे," ती म्हणाली.

"पहिल्या वर्षीचा?"

"तीन वर्षं झाली असतील."

"मग तोच," त्रिशला म्हणाली. "चला, मी घेऊन जाते. नवा उद्या आणते."

"आणि आजवर केलेल्या चौक्यांचं काय?" त्या बाईचा आवाज चिरकला. "त्याचं काय बदलून देणारेस?"

त्रिशला त्या बाईपुढं हात जोडून उभी राहिली. बाई तिच्याकडं न बघता वळली आणि ताडताड निघाली. त्रिशला तिच्यामागून सोप्यात आली, हातात स्कूटरची किल्ली, आणि राहिलेली चप्पल तिनं पायात सरकवली. बाहेर ऊन अजून होतं. आत काकू प्राचीला सांगत होत्या, मुगाचं कढण कर, पातळच कर, आणि लवकर, दिवस मावळायला आला. मग जयराजला म्हणाल्या, "आणि तू काय बसलायस? त्या डॉक्टरला फोन लाव. वास येत होता म्हणावं."